एमपीथ्रीचा श्रोता नेमका कोण?

पेटची मुलाखत असो की पहिला संशोधन आराखडा, संगीत आणि तंत्रज्ञान हा विषय घेतला की एक वाक्य हमखास येतं : ‘डिजिटल तंत्रज्ञानामुळे संगीताचा अनुभव बदलला.’ त्यावर समोरून प्रश्न येतो, ‘कुणाचा?’ तुम्ही इथे अडकत असाल तर जोनाथन स्टर्न यांचं ‘एमपीथ्री : द मीनिंग ऑफ अ फॉरमॅट’ (२०१२) वाचा. पण जरा भांडत वाचा.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास आपण सहसा ‘आवाज अधिकाधिक हुबेहूब होत गेला’ असा सांगतो. स्टर्न म्हणतात, त्याच्या शेजारून दुसरा एक इतिहास चालू होता, काटकसरीचा. एकाच तारेवरून जास्त संभाषणं जावीत म्हणून टेलिफोन उद्योगाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच माणसाला काय आणि किती ऐकू येतं ते मोजायला घेतलं. एमपीथ्री त्याच घराण्यातली. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला जाणवणार नाही, असं धरून ती तो गाळते. म्हणजे तुम्ही प्ले दाबण्याआधीच फाईलमध्ये एक ‘सर्वसाधारण कान’ गृहीत धरलेला असतो. हा युक्तिवाद जबरदस्तच आहे. (मांजराच्या श्रवणतंतूला टेलिफोन जोडल्याचा १९२९ चा प्रयोग तर चुकवूच नका.)

माझा आक्षेप पुढचा आहे. हा कान प्रयोगशाळेत आणि मानकं ठरवणाऱ्या समित्यांत घडला. स्टर्न त्याची चिकित्सा करतात, पण पुस्तकाचा भर तिथेच राहतो. आपल्याकडे एमपीथ्री अनेकांना भेटली ती मोबाईल रिचार्जच्या दुकानात, ‘कार्डात गाणी भरून द्या’ म्हणताना. साधा हिशोब करा. पाच मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जात साधारण ५३ एमबी, १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत ४.८ एमबी. दोन जीबीच्या कार्डात पहिली जेमतेम ३७ मावतात, दुसरी चारशेच्या वर. त्या गिऱ्हाईकाला कोणता आवाज गाळला गेला याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याच्यासाठी फॉरमॅटचा अर्थ होता ‘किती बसतात?’ आणि गाणी निवडायचा बऱ्याचदा दुकानदार.

इथे पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) शेजारी ठेवा. स्वस्त कॅसेटमुळे उत्तर भारतात मोठ्या कंपनीची मक्तेदारी कशी मोडली आणि प्रादेशिक गाण्याला बाजार कसा मिळाला, हे त्यांनी दाखवलं. महाराष्ट्रात भीमगीतांच्या कॅसेट आठवा. त्या कॅसेटच्या वेष्टनावर गायकासोबत गीतकाराचंही नाव छापायची जागा होती. कार्डात भरलेल्या फाईलला ती जागा नावापुरतीच. गाण्याची माहिती भरायचे रकाने एमपीथ्रीत असतात हो, पण ते रिकामे, नाहीतर डाउनलोड केलेल्या संकेतस्थळाचं नाव मिरवणारे. वामनदादा कर्डकांसारख्या कवीच्या परंपरेत ‘हे गाणं कुणाचं’ हा प्रश्न किरकोळ नाही. तिथे अनुभव बदलला तो असा : गाणं घरोघर पोचलं, पण कवीचं नाव मागे राहिलं. ध्वनीच्या दर्जावरच्या चर्चेत हा बदल सापडत नाही.

प्लॅटफॉर्मच्या आकड्यांतही सापडणार नाही. स्पॉटिफाय भारतात आलं २०१९ मध्ये. शिवाय ३० सेकंद वाजलं की तिथे एक ‘स्ट्रीम’ मोजला जातो. कुणी ऐकलं की नुसतं वाजत होतं, हे त्यातून कळत नाही. तरीही आराखड्यात ‘अनुभव’ लिहायचं आणि विदा म्हणून स्ट्रीमचे आकडे लावायचे, हे सर्रास चालतं. परीक्षकाने तिथेच बोट ठेवलं तर रागावू नका.

तुमचा विषय या बाजूचा असेल तर ग्रंथालयाइतकंच काम बाजारपेठेत आहे. गाणी भरून देणारी बरीच दुकानं आता कव्हर आणि चार्जर विकतात. त्यांच्या जुन्या संगणकावरचे फोल्डर, त्यांची नावं, क्रम, कोणत्या गावाला काय लागायचं याची दुकानदाराची आठवण, हे सगळं प्राथमिक साधन आहे. हार्डडिस्क फॉरमॅट होण्याआधी विचारायला जा.