‘जेव्हा माणूस जागा होतो’ : झोपलं कोण होतं?

राजकारणात आयुष्य घालवलेल्या माणसांनी सामाजिक न्यायाबद्दल काय लिहून ठेवलं, हा आजचा विषय. अशी पुस्तकं वाचताना मला एक अडचण नेहमी येते. सत्तेवरून उतरलेला माणूस लिहायला बसला की न्याय म्हणजे ‘मी घेतलेले निर्णय’ असा अर्थ होऊन बसतो. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी १९८५ साली आपल्या सरकारवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तीन वर्षांचं सरकार, आणि त्याचा खात्यागणिक हिशेब. माहितीला खजिना आहे. पण ज्यांना न्याय मिळाला ती माणसं त्यात लाभार्थी म्हणून येतात. व्हिटलमकडे मी पुन्हा येणार आहे, त्यालाही कारण आहे.

आज मुख्य बोलायचं आहे ते गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’बद्दल. पुस्तक १९७० सालचं, साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७२ सालचा. गोदूताई कधी मंत्री झाल्या नाहीत, त्यामुळे ‘माजी’ होण्याचा प्रश्नच आला नाही. आणि हे आपल्या जिल्ह्याचं पुस्तक आहे. आता तलासरी, डहाणू पालघर जिल्ह्यात गेले, १ ऑगस्ट २०१४ पासून. त्यामुळे आपल्याकडच्या तरुणांना तो भाग म्हणजे वीकेंडला गाडी काढून जायची जागा वाटते. पण ही गोष्ट सुरू होते ती टिटवाळ्याला. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा. तिसरं स्टेशन. अंगारकीला आपण तिथे रांगेत उभे असतो. त्याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली आणि उंबरगाव तालुक्यातले काही वारली तिथे आले.

लेखिका कोण, ते थोडक्यात सांगतो. जन्म १९०७, पुण्यातल्या नामवंत वकिलाच्या घरात. स्वतः कायद्याची पदवी घेतलेली. भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. पुढे कम्युनिस्ट. पती शामराव परुळेकर १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेले होते आणि १९५७ साली ठाण्याचे खासदार झाले. म्हणजे सदाशिव पेठी सुधारणावाद, आंबेडकरी राजकारण आणि लाल बावटा, तिन्ही प्रवाह या एका घरात येऊन मिळाले होते. आपल्याकडे हे प्रवाह वेगवेगळ्या वर्गांत शिकवायची पद्धत आहे, तो भाग वेगळा.

आता पुस्तकातलं जग. वेठ हा शब्द आपण ‘वेठीला धरणं’ या वाक्प्रचारात सहज वापरतो. त्याचा मूळ अर्थ या पुस्तकात भेटतो. जमीनदाराचा माणूस आला की आपलं काम टाकून निघायचं. मजुरी नाही, नकार नाही. स्वतःच्या कुळकायद्याच्या शेतात चिखलणी व्हायची बाकी असली तरी आधी शेटच्या शेतात जायचं. बैलांच्या जागी माणसं नांगराला जुंपल्याच्या हकिगती आहेत. आणि दुसरा शब्द, लग्नगडी. लग्नासाठी कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबायचं. ते फिटत नाही, कारण हिशेबाची वही सावकाराची. बायको लग्न करून घरात येते ती त्याच कर्जात येते. बघा, ‘गडी’ हा किती साधा शब्द. त्याच्यामागे ‘लग्न’ लावलं आणि गुलामगिरीला घरगुती नाव मिळालं. शब्द असे काम करतात. मी पंचवीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवताना मुलांना ‘स्वातंत्र्य’ या संकल्पनेवर मिल वाचायला लावत असे. लग्नगडी हा एक शब्द फळ्यावर लिहिला असता तर अर्धं काम झालं असतं.

टिटवाळ्यानंतर, २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यात झरी इथे वारल्यांची परिषद झाली. तिथले निर्णय पाहा. वेठ करायची नाही. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम करायचं नाही. मारायला आला तर प्रतिकार करायचा. सगळ्यांनी एक राहायचं. यात जमीनवाटपाची मागणी नाही, समाजवाद नाही. पहिली गोष्ट आहे ‘नाही’ म्हणण्याची.

इथे मला तत्त्वज्ञानाचा जरा संबंध जोडू द्या. हे पुस्तक १९७० सालचं. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, जॉन रॉल्सचा न्यायावरचा ग्रंथ आला आणि जगभरच्या विद्यापीठांत न्याय म्हणजे प्रामुख्याने वाटपाचा प्रश्न झाला. कोणाला किती, कोणत्या नियमाने. मोठा विचार आहे, मी तो वर्षानुवर्षं शिकवलाय. पण झरीच्या सभेला तो पुरत नाही. बारा आणे ही वाटपाची मागणी आहे हे खरं. पण बारा आणे मागण्यासाठी आधी शेटच्या समोर ताठ उभं राहावं लागतं. उभं राहता येणं हे वाटून देता येत नाही. गोदूताईंच्या पुस्तकाचं बळ इथे आहे. सिद्धांत त्यांच्याजवळ तयार होता, वर्गसंघर्षाचा. तो त्या मांडतातही. पण लक्षात राहतो तो माणूस, जो काल खाली मान घालून होता आणि आज बोलतोय.

आणि आता मला या पुस्तकाशी भांडायचं आहे. भांडण मजकुराशी नाही, शीर्षकाशी आहे.

‘जेव्हा माणूस जागा होतो.’ सुंदर शीर्षक. पण माणूस जागा होतो म्हणजे आधी तो झोपलेला होता. आणि झोपलेल्याला उठवणारं कोणीतरी बाहेरून येतं. सगळ्या सुधारकांना ही प्रतिमा आवडते. ज्युडिथ श्क्लार नावाच्या विदुषीने १९९० साली एक छान भेद मांडला: दुर्दैव आणि अन्याय. दुष्काळ पडला हे दुर्दैव; धान्य कोठारात असून लोक मेले हा अन्याय. जे दुर्दैव म्हणून सोसलं जात होतं त्याला लोक अन्याय म्हणू लागतात, तेव्हा राजकारण सुरू होतं. या भेदाने पाहिलं तर गोदूताईंचं शीर्षक बरोबर ठरतं. वारली नशीब म्हणून सोसत होते, चळवळ आली, ते त्याला अन्याय म्हणू लागले.

पण खरंच ते त्याला नशीब समजत होते का? की समजत सगळं होतं आणि बोलायची सोय नव्हती? या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. शेटच्या अंगणात उभा राहून जो माणूस ‘होय बापा’ म्हणतो, तो रात्री आपल्या पाड्यावर चुलीपाशी काय बोलतो, हे शेटला माहीत नसतं. आणि खरं म्हणजे पहिल्या भेटीत कार्यकर्त्यालाही माहीत नसतं. पुस्तकाचा पुरावाच बघा ना. टिटवाळ्याची परिषद जानेवारीत, झरीची मे महिन्यात. मधे जेमतेम साडेचार महिने. पिढ्यान् पिढ्या झोपलेली माणसं साडेचार महिन्यांत हजारोंच्या संख्येने उठून झरीला येत नाहीत. जी जागी होती आणि वाट पाहत होती, ती येतात.

दुसरा पुरावा त्याहून पक्का. १९४५ च्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. आपल्या आजोबांच्या चहातल्या दुधाचा या संपाशी संबंध होता असं म्हणायला हरकत नाही. ऑक्टोबरमध्ये अफवा पसरवली गेली की तलवाड्याला गोदूताईंची सभा आहे. हजारो वारली जमले. सभा नव्हतीच. पोलीस मात्र होते. १० ऑक्टोबरला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. त्यानंतर परुळेकर पती-पत्नींना जिल्ह्यात येण्याची बंदी झाली. म्हणजे ‘जागं करणारे’ बाहेर. मग संप मोडायला हवा होता. मोडला नाही. अडीच रुपयांचा दर जमीनदारांना द्यावा लागला. उठवणारं माणूस हद्दपार असताना जे उठून उभेच राहिले, त्यांना झोपलेले म्हणायचं का?

हे सगळं गोदूताईंनी स्वतःच सांगितलंय, ही गंमत आहे. म्हणून मी म्हणतो, पुस्तक आपल्या शीर्षकापेक्षा मोठं आहे. सांगणारीचा डोळा प्रामाणिक आहे. तो जे पाहतो ते तिच्या प्रतिमेत मावत नाही.

मग झोपलं कोण होतं? १९३९ साली मुंबई सरकारने डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा आदिवासींवरचा अहवाल प्रसिद्ध केला. जमीनदार, सावकार, जंगल खात्याचे लोक, वेठ, सगळं त्यात आहे. इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलंय, कम्युनिस्टाने नव्हे. सहा वर्षं तो कागद सरकारदरबारी पडून होता. पुढे खेरांचं मंत्रिमंडळ आलं. बाळासाहेब खेर म्हणजे आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापक. त्यांच्या तळमळीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण त्याच सरकारने, मोरारजी गृहमंत्री असताना, १९४६ च्या अखेरीस परुळेकरांना पुन्हा जिल्ह्याबाहेर काढलं. आदिवासींची सेवा करायला सरकार तयार होतं. आदिवासींनी स्वतः दर ठरवणं त्याला सोसेना. सेवा आणि न्याय यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता व्हिटलम. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात वेव्ह हिल नावाचं गुरांचं अवाढव्य कुरण, ब्रिटिश वेस्टी कंपनीच्या ताब्यात. तिथले गुरिंजी आदिवासी गुराखी ऑगस्ट १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागे काम सोडून चालते झाले. सुरुवातीला प्रश्न मजुरीचा वाटला. नंतर कळलं की ते जमीन परत मागतायत. नऊ वर्षं त्यांनी तग धरला. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान व्हिटलम तिथे गेले आणि त्यांनी लिंगियारींच्या ओंजळीत मूठभर माती ओतली. त्या प्रसंगाचं छायाचित्र तिकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तीन महिन्यांत व्हिटलम यांचं सरकार बरखास्त झालं. जमीनहक्काचा कायदा १९७६ साली त्यांच्या विरोधकांनी केला.

आणि हे बघा, या गुरिंजींवरही एका कम्युनिस्टानेच पुस्तक लिहिलं. फ्रँक हार्डी, १९६८. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘दुर्दैवी ऑस्ट्रेलियन’. त्याआधी ‘भाग्यवान देश’ अशा नावाचं एक पुस्तक गाजलं होतं, त्याला हा टोला. टोला फक्कड आहे. पण ‘दुर्दैवी’? ज्यांची जमीन घेतली गेली त्यांना दुर्दैवी म्हणायचं? दोन खंडांत, दोन वर्षांच्या अंतराने, एकाच बाजूची दोन प्रामाणिक माणसं पुस्तकाला नाव देताना सारखीच अडखळली. एकाच्या शीर्षकात नशीब आलं, दुसरीच्या शीर्षकात झोप. मला वाटतं, दुसऱ्याच्या वतीने लिहिण्याची ही किंमत आहे. सांगणारा कितीही जवळचा असो, त्याला आपल्या येण्याला गोष्टीत एक जागा द्यावी लागते.

गोदूताईंना एक श्रेय मात्र द्यायलाच हवं. त्या काही काळ राहून परत गेल्या नाहीत. १९९६ साली वारल्या, तोपर्यंत त्यांचं नाव तलासरीशी जोडलेलंच राहिलं. मोठ्या कुटुंबातला माणूस चळवळीत येतो आणि चळवळीवर पुस्तक लिहून मोकळा होतो, असे नमुने आपण पाहिलेत. इथे तसं नाही. त्यांच्या पुस्तकातली ‘आम्ही’ ही क्रियापदं म्हणूनच खटकत नाहीत.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: ‘आजच्या ठाणे-डोंबिवलीच्या वाचकाने हे पुस्तक का वाचावं?’ मार्च २०१८ आठवतो का? नाशिकहून किसान सभेचा मोर्चा निघाला, कसारा घाट उतरून शहापूर, भिवंडी, ठाणे असा मुंबईला गेला. टिटवाळ्याला परिषद भरवणारी तीच संघटना. मुख्य मागण्यांत वनजमिनीचे हक्क. २००६ सालचा कायदा, बारा वर्षं झाली तरी दाव्यांचा निकाल नाही. पायांना फोड आलेली माणसं. मुंबईतल्या लोकांनी पाणी दिलं, चपला दिल्या, चांगलंच केलं. पण आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त कौतुक कशाचं झालं? दहावीच्या परीक्षेच्या मुलांची अडचण नको म्हणून ते शेवटच्या रात्री झोपले नाहीत, अंधारातच आझाद मैदानापर्यंत चालत गेले, याचं. कौतुक रास्तच होतं. दावा कशाचा आहे, किती एकरांचा आहे, कोणत्या कार्यालयात अडकलाय, हे मात्र त्या ग्रुपवर मला कोणी विचारलेलं दिसलं नाही.

पुस्तक ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मागून बघा. आणि वाचायला घ्याल तेव्हा तलवाड्याच्या प्रकरणापाशी जरा थांबा, शीर्षक पुन्हा वाचा आणि मग पुढे जा. पुढच्या वेळी आपण सायमिंग्टनचा अहवाल घेऊ.