पाठीवरचा ताळेबंद

मराठीत समीक्षकांची वाण नाही. कादंबरीची समीक्षा होते, कवितेची होते, समीक्षेचीसुद्धा समीक्षा होते. पण माणसाने पाठीवर घ्यायच्या पिशवीची समीक्षा कोणी मन लावून केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. वास्तविक 'आशय आणि आकृतिबंध' हा जो वाद आपल्या विद्वानांनी वर्षानुवर्षं घातला, तो पिशवीइतका दुसऱ्या कशालाच लागू पडत नाही. पिशवीतला आशय हाताला लागतो आणि आकृतिबंध चुकला तर तो खांद्याला लागतो. मी कॉमर्सचा माणूस. कवितेतलं मला कळत नाही. पण ओझ्यातलं कळतं. २२ वर्षं बँकेत कारकुनी केली आहे.

आमच्या गावाच्या नावापुढे 'रेल्वे' आहे. जऊळका रेल्वे. पुण्यामुंबईच्या माणसाला हे ऐकून वाटतं, गाव रुळांवरच वसलं असावं. प्रत्यक्षात ते अकोला-पूर्णा मार्गावर, मालेगाव तालुक्यात, आपल्या जागी शांत बसलेलं आहे. धावतात त्या गाड्या. मात्र दर ज्येष्ठात आमच्याकडची दहाबारा माणसं रेल्वेकडे पाठ करतात आणि पायी पंढरपूरला निघतात. आमचे बाबा त्यांतले एक. २९ वर्षं गेले. तिसाव्या वर्षी डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो उजेडात धरून मान हलवली आणि विषय संपला.

बाबा काही बोलले नाहीत. फक्त एका सकाळी त्यांनी खुंटीवरची पडशी काढली, स्वतः धुतली आणि अंगणात वाळत घातली. दर वर्षी घालत तशीच. मी चहा पीत पाहत होतो. संध्याकाळी ती घडी करून त्यांनी पुन्हा खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी मी बँकेत रजेचा अर्ज दिला. तीन आठवडे मागितले, आठ दिवस मिळाले. 'आठ दिवसांत जिथवर पोचेन तिथवर' असा हिशेब करून मी बाबांना सांगितलं, 'या वर्षी मी चालतो.' ते म्हणाले, 'बरं.' आमच्या घरात याला भावनावेग म्हणतात.

आता चालायचं म्हणजे पाठीवर काहीतरी हवं. मोठ्या पालख्यांतल्या दिंड्यांचं सामान ट्रकमधून जातं. आमच्या दहाबारा जणांना ट्रक कुठला? ज्याचं त्याने वाहायचं. पडशी डोळ्यांसमोर होती, पण मी शिकलेला माणूस. मोबाईलवर रात्री दोनपर्यंत अभ्यास केला आणि ६० लिटरची सॅक मागवली.

सॅक लिटरमध्ये मोजतात हे मला नवीन होतं. आमच्याकडे लिटरने दूध आणि डिझेल मोजतात. ६० लिटर म्हणजे तंबू, झोपायची पिशवी, शेगडी आणि आठवड्याचा शिधा घेऊन हिमालयात जाणाऱ्याचं माप. रात्री देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपणाऱ्याला ते लागत नाही. पण खरेदी करताना माणूस आपल्या गरजेचं माप घेत नाही, आपल्या कल्पनेतल्या स्वतःचं घेतो.

सॅक आली. नुसती रिकामीच दोन किलोंच्या वर! प्रवासाला निघण्याआधीच झालेला हा आस्थापना खर्च. तिला पट्टे मोजले तर १७. एका मोठ्या ग्रंथाला जशा तळटीपा असतात तसे ते चहूबाजूंनी लोंबत होते, आणि तळटीपांप्रमाणेच त्यांतले बहुतेक कशासाठी आहेत हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. बाबांनी चष्मा पुसून पाहिलं.

'एवढं मोठं दप्तर काऊन आणलं रे? कोन्या शाळेत नाव घातलं?'

सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की सॅकचं माप उंचीवरून नव्हे, पाठीच्या लांबीवरून घ्या. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी जो मणका टेंगळासारखा वर येतो, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. बायको शिलाईची टेप घेऊन मागे उभी राहिली. 'मान खाली घाला,' म्हणाली. 'बँकेत सवय आहेच तुम्हांला.' ४६ सेंटिमीटर भरली. मध्यम. आयुष्यात सगळीकडे मध्यमच भरत आलो आहे, तेव्हा आश्चर्य वाटलं नाही.

आता प्रामाणिक समीक्षकाने आधी गुण सांगावेत. सॅकचा खरा गुण खांद्याच्या पट्ट्यांत नाही, कमरेच्या पट्ट्यात आहे. तो पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर घट्ट बसवला की ओझ्याचा मोठा वाटा खांद्यांवरून कमरेवर आणि तिथून पायांत उतरतो. कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टी यांनी १९५२ साली अॅल्युमिनियमच्या सांगाड्याच्या सॅक विकायला काढल्या; सांगाडा ते करत आणि पिशव्या त्यांची पत्नी शिवत असे. सांगाड्याची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली तर खांदे हलके होतात हे चालताना ध्यानात आलं आणि त्यातून ही कमरेची युक्ती सुचली, अशी हकीकत सांगतात. मला ती खरी वाटते. मोठे शोध नेहमी खिशापाशी लागतात.

दोष सांगायचे तर प्रयोग करणं भाग होतं. 'अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं घेऊ नये' असा एक ढोबळ नियम आहे. मी ७० किलोचा, म्हणजे माझी मर्यादा १४ किलो. ही कमाल मर्यादा आहे हे विसरून मी ती कर्जमर्यादेसारखी पूर्ण वापरली. सॅकमध्ये १२ किलो तूरडाळ भरली आणि पहाटे मालेगावच्या रस्त्याला लागलो. पहिल्या दोन किलोमीटरांत तीन मोटारसायकली थांबल्या. चौथा ऑटोवाला म्हणाला, 'काय साहेब, बदली झाली का?'

हसण्यावारी नेलं, पण एक गोष्ट ध्यानात आली. सगळं ओझं मागे असल्यामुळे तोल सांभाळायला मी आपोआप पुढे वाकून चाललो होतो. साहेबाच्या टेबलासमोर उभं राहताना वाकतो, अगदी तेवढाच. म्हणूनच जड वस्तू सॅकच्या मध्यावर, पाठीला चिकटून भराव्यात असं जाणकार सांगतात. लांब भरल्या तर त्या आणखी मागे ओढतात. शिवाय वरून भरायच्या सॅकमध्ये हवी ती वस्तू नेहमी तळाशी असते. आणि सोबत मिळतं ते पावसाचं टोपरं बाहेरून सगळं झाकतं, पाठीकडची बाजू सोडून. आषाढातला पाऊस मानेवरून नेमका तिथेच उतरतो.

त्याच संध्याकाळी, बाबा देवळात गेलेले पाहून, मी पडशी खुंटीवरून काढली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी: लांब, जाड कापडाची पिशवी; दोन्ही टोकं बंद, तोंड मध्ये. खांद्यावर टाकली की एक कप्पा पुढे, एक मागे. बस्स. पट्टा नाही, बक्कल नाही, माहितीपत्रक नाही. आमच्या पडशीला कोपऱ्यात आईच्या पातळाचं ठिगळ आहे. दोन्ही कप्प्यांत सारखी डाळ भरून मी गावाबाहेर चालून आलो आणि मला माझी कॉमर्सची पदवी पहिल्यांदा सार्थकी लागल्यासारखी वाटली.

अहो, ही तर डबल एन्ट्री! लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये पुस्तक छापून जगाला जे सांगितलं, की प्रत्येक नावेला समोर तेवढंच जमा हवं, ते आमचे वारकरी खांद्यावर घेऊन चालत आले आहेत. पुढे तेवढं मागे. माणूस ताठ! आमच्या वऱ्हाडाची सगळी वाहतूकविद्याच अशी दोन्हीकडची आहे. श्रावणात अकोल्याचे लोक गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला आणतात तेही कावडीने, दोन्ही बाजू सारख्या तोलून. न्यूझीलंडमधली एक कंपनी आता पुढेही कप्पे असलेली सॅक करते आणि माणूस त्यामुळे सरळ चालतो असं सांगून विकते. बाबांना हे सांगितलं तर ते इतकंच म्हणतील, 'उशिरा समजलं त्याइले.'

पण पडशीलाही माफी नाही. अर्ध्या तासाने उजवा खांदा बोलायला लागला. ताळेबंद जुळतो, पण सगळी रक्कम एकाच खात्यावर नावे पडते. कमरेचा त्यात काडीचा सहभाग नाही. खांदा बदलायचा, पुन्हा बदलायचा. मग बाबांनी २९ वर्षं कसं काय केलं?

उत्तर रात्री मिळालं. मी माझ्या सामानाची यादी करून वस्तू सतरंजीवर मांडल्या होत्या. ४३ वस्तू. बाबा बाजेवर बसले आणि त्यांनी ऑडिट सुरू केलं. काठीच्या टोकाने एकेक वस्तू दाखवायची.

'हे काय हाये?'

'शेगडी. गॅसची, छोटी.'

'मंग गावं कायले हायेत?'

शेगडी गेली. तिच्याबरोबर भांडी गेली. तीन पँटींपैकी दोन गेल्या, हवेची उशी गेली, बूट पुसायचा ब्रश माझा मलाच लपवावा लागला. राहिलं ते असं: एक जोडी कपडे, पंचा, पांघरूण, तांब्या, बॅटरी, औषधं, सुईदोरा आणि आतून घालायला युरियाची धुतलेली पिशवी. ती टोपऱ्यापेक्षा शंभरपट बरी. तिच्यातलं काही भिजत नाही. बायकोने वजन केलं. पाच किलोंना थोडं कमी.

'जे नेलं नाही,' बाबा म्हणाले, 'थे वाहा लागत नाही.'

इतकंच. आणि मला वाटतं, पाठपिशवीच्या समीक्षेत याहून मोठं वाक्य नाही. आम्ही उलटं करतो. आधी मोठी पिशवी आणतो, मग रिकामी दिसते म्हणून भरतो. नव्या फ्लॅटचंही तसंच, नव्या कपाटाचंही तसंच. १९५५ साली एमा गेटवुड नावाची ६७ वर्षांची, ११ मुलांची आई अमेरिकेतली अॅपलेशियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरांहून लांब वाट एकटी चालून गेली. तिच्याजवळ काय होतं? जीनच्या कापडाची, स्वतः शिवलेली, एका खांद्यावर टाकायची पिशवी; पावसासाठी न्हाणीघराचा पडदा. तिला आमच्या देवळाच्या पारावर आणून बसवलं असतं तर भाषेवाचून दोघांचं जमलं असतं.

माझे ते पाच किलो ६० लिटरच्या सॅकमध्ये घातले तेव्हा चार मजली इमारतीत एकटाच शिपाई बसल्यासारखं दिसलं. परत करायची मुदत उरली होती. ती परत करून ३० लिटरची, साध्या कमरपट्ट्याची घेतली, आणि या खेपेला दुकानात जाऊन, आत वजन घालून, दहा मिनिटं मागेपुढे चालून घेतली. कोणाला निवडायचीच असेल तर माझा क्रम हा: आधी सामान, मग वजन, मग लिटर, मग पाठीची लांबी, आणि रंग सगळ्यांत शेवटी. सात-आठ किलोंच्या वर जाणार असाल तर कमरपट्टा हवाच. खाली राहणार असाल तर कशातही न्या, पडशीतसुद्धा.

निघताना बाबांनी पडशी आणून माझ्या हातात दिली. 'रिकामीच ने. काही भरू नको.' पावकिलोचा तो एक आयटम माझ्या ऑडिटमध्ये नव्हता. मी घडी करून वरती ठेवला.

मालेगाव, शिरपूर, रिसोड, सेनगाव असं करत आठव्या दिवशी परभणीला पोचलो. पायांना फोड आले, पाठीला काही झालं नाही. सकाळी सगळे पुढे निघाले आणि मी स्टेशनकडे वळणार, तेवढ्यात बाबांबरोबर इतकी वर्षं चाललेले एक म्हातारे थांबले. सत्तरी उलटलेले.

'त्याची पडशी आन इकडं.'

मी म्हटलं, 'काका, तुम्हांला आधीच ओझं—'

'रिकाम्या पडशीचं काय ओझं? बुढ्याचे गुडघे गेले, तिचे थोडीच गेले! तिची वारी काऊन चुकवतो?'

त्यांनी ती आपल्या पडशीवर टाकली आणि चालू लागले. मी गाडीत बसलो. पूर्णा, हिंगोली, वाशीम. आठ दिवसांचं चालणं गाडीने अर्ध्या दिवसात पुसून टाकलं.

बाबा अंगणात बाजेवर होते. माझ्या पायांकडे पाहिलं, सॅककडे पाहिलं. 'पडशी?'

मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग रिकाम्या खुंटीकडे पाहून गालातल्या गालात हसले.

'म्हंजे आता थे माह्यापेक्षा एक वारी समोर गेली.'