व्यापार-प्रक्रियांचे सुलभीकरण आणि आर्थिक पुनरुज्जीवन : द्राक्षे व कांदा निर्यातीच्या संदर्भात एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

एप्रिल २०२० मध्ये भारताची वस्तुनिर्यात आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी घटली. टाळेबंदी उठल्यानंतर ती हळूहळू सावरली. २०२०-२१ या आर्थिक वर्षात सुमारे २९२ अब्ज डॉलर असलेली निर्यात २०२१-२२ मध्ये ४२२ अब्ज डॉलरच्या आसपास पोहोचली. या पुनरुज्जीवनाचे श्रेय देताना शासकीय अहवालांत व व्यापारी संघटनांच्या निवेदनांत एका गोष्टीचा उल्लेख वारंवार होतो. ती गोष्ट म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार-प्रक्रियांचे सुलभीकरण. हे श्रेय अगदीच निराधार नाही. मात्र त्या काळात पेट्रोलियम पदार्थ व धातू यांच्या किमती जगभर वाढल्या होत्या आणि साचलेली मागणीही बाहेर पडत होती, हे विसरून चालणार नाही. सुलभीकरणाने नेमके काय साधले, कोणासाठी साधले आणि कोठे त्याचा हात पोहोचला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुलभीकरणाची वाटचाल

जागतिक व्यापार संघटनेच्या बाली येथील डिसेंबर २०१३ च्या परिषदेत व्यापार सुलभीकरण करारास मान्यता मिळाली. अन्नधान्याच्या सार्वजनिक साठ्याचा प्रश्न सुटल्याशिवाय या कराराच्या पुढील टप्प्यास संमती देणार नाही, अशी भूमिका भारताने जुलै २०१४ मध्ये घेतली होती. पुढे तडजोड झाली. भारताने एप्रिल २०१६ मध्ये करारास अनुसमर्थन दिले आणि २२ फेब्रुवारी २०१७ रोजी करार अमलात आला. कराराची पूर्ण अंमलबजावणी झाल्यास व्यापाराचा खर्च सरासरी १४.३ टक्क्यांनी कमी होईल, असा संघटनेचा २०१५ मधील अंदाज होता.

देशांतर्गत पावलेही याच सुमारास पडली. मार्च २०१५ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने आयात व निर्यात या दोहोंसाठी अनिवार्य कागदपत्रांची संख्या प्रत्येकी तीनवर आणली. एप्रिल २०१६ पासून एक खिडकी पद्धती सुरू झाली. न्हावा शेवा येथे आयातदाराला बंदरातूनच थेट माल देण्याची सोय वाढवण्यात आली. ऑक्टोबर २०२० अखेर चेहराविरहित करनिर्धारण देशभर लागू झाले. त्यामुळे न्हावा शेवा येथे उतरलेल्या मालाची कागदपत्रे दुसऱ्याच शहरातील अधिकारी तपासू लागला. ओळखीने काम करून घेण्याची जुनी रीत त्यामुळे बरीच आवळली गेली. मात्र शंका विचारणारा अधिकारी दूर आणि माल बंदरात, अशी नवी अडचणही काही आयातदारांच्या वाट्याला आली.

मोजमापाचा प्रश्न

सुलभीकरणाचे यश सांगताना क्रमवारीचा आधार घेण्याची प्रथा पडली. जागतिक बँकेच्या व्यवसाय-सुलभता अहवालात सीमापार व्यापार या घटकात भारत १४६ व्या स्थानावरून आधी ८० व्या आणि नंतर ६८ व्या स्थानावर आला. भारतापुरती ही पाहणी मुंबई व दिल्ली या दोन शहरांवर आधारलेली होती. पुढे अन्य काही देशांच्या आकडेवारीतील अनियमितता उघड झाल्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ही अहवालमालाच बंद केली.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार सुलभीकरणविषयक पाहणीत भारताचे गुण २०१९ मध्ये ७८.४९ टक्के, २०२१ मध्ये ९०.३२ टक्के आणि २०२३ मध्ये ९३.५५ टक्के होते. २०२१ मध्ये पारदर्शकता या घटकात तर १०० टक्के गुण मिळाले. सीमापार कागदविरहित व्यापारात मात्र ६६.६७ टक्केच होते. ही पाहणी विशिष्ट उपाययोजना अस्तित्वात आहे किंवा नाही हे तपासते. त्या उपाययोजनेचा अनुभव निर्यातदाराला कसा येतो, हे तपासणे तिच्या कक्षेबाहेरचे आहे.

कागदपत्रांच्या संख्येबाबतही असेच म्हणता येईल. तीन कागदपत्रे म्हणजे बिल ऑफ लेडिंग, शिपिंग बिल (आयातीत बिल ऑफ एन्ट्री) आणि बीजक. यांतील बीजक व पॅकिंग लिस्ट एकत्र करून एकच कागद मानण्यात आला. शिवाय वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, उत्पत्ती-प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचा अहवाल हे कागद या गणतीत येतच नाहीत. यंत्रसामग्री पाठवणाऱ्याला तीन हा आकडा खरा वाटेल. शेतमाल पाठवणाऱ्याला तो वाटणार नाही.

सीमाशुल्क विभागाचा स्वतःचा मालमुक्ती-वेळेचा अभ्यास या सर्वांहून अधिक विश्वसनीय ठरतो, कारण तो आपली उणीव झाकत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासानुसार सागरी बंदरांवर आयातमाल मुक्त होण्यास सरासरी ८५ तास ४२ मिनिटे लागत होती. राष्ट्रीय कृती आराखड्याचे उद्दिष्ट ४८ तासांचे होते. निर्यातीत सीमाशुल्काची परवानगी तुलनेने लवकर मिळते. खरा वेळ त्यानंतर जहाज सुटेपर्यंत, म्हणजे वाहतूक व बंदरातील हाताळणीत जातो, हेही या अभ्यासांतून दिसून आले. थोडक्यात, संगणकावरची रांग आटली तरी ट्रकची रांग उरते.

लहान व्यावसायिक आणि ‘विश्वासू’ ग्राहक

जलद मालमुक्तीचे तीन आधार सांगितले जातात : आगाऊ कागदपत्रे, जोखमीवर आधारित तपासणी आणि अधिकृत आर्थिक घटक म्हणून मिळालेली मान्यता. हे तिन्ही आधार नियमित व मोठा व्यापार करणाऱ्यास सहज उपलब्ध असतात. वर्षातून चार-दोन खेपा मागवणाऱ्या लघुउद्योजकाला मान्यतेसाठी आवश्यक असलेली कागदपत्रांची किमान संख्या गाठता येत नाही. लघुउद्योगांसाठी ही अट पुढे शिथिल करण्यात आली, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि ज्याचा माल संपूर्ण कंटेनरभर नसतो, त्याला कंटेनर फ्रेट स्टेशनची वाट चुकत नाही आणि तेथील भाडे व हाताळणीखर्चही चुकत नाही. थेट बंदरातून माल मिळण्याची सोय त्याच्यासाठी फारशी उपयोगाची ठरत नाही. महासाथीत ज्या घटकाला सर्वाधिक आधाराची गरज होती, त्यालाच सुलभीकरणाचा लाभ सर्वांत कमी मिळाला, असे म्हणावे लागते.

द्राक्षे आणि कांदा

नाशिक जिल्ह्यातील दोन पिकांची तुलना येथे उद्बोधक ठरते. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय पद्धती सुरू केली. बागेची नोंदणी, उर्वरित अंशाची तपासणी, पॅकहाउस, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र या सर्व पायऱ्या तीत एका साखळीत जोडल्या गेल्या. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षांच्या खेपा अडकल्या, तेव्हा बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. तरीही ही निर्यात पुढे चालू राहिली. येथे कागद कमी झाले नाहीत, उलट वाढलेच. मात्र कोणता कागद केव्हा लागेल, हे बागायतदाराला छाटणीच्या वेळीच ठाऊक असते.

कांद्याची स्थिती नेमकी उलट आहे. कागद थोडे, पण नियम केव्हा बदलेल याचा भरवसा नाही. मे २०२० मध्ये सीमेवरील ट्रकवाहतूक खोळंबली असता लासलगावहून रेल्वेने बांगलादेशातील दर्शना येथे कांदा पाठवण्यात आला. अडचणीतून वाट काढण्याचा हा उत्तम नमुना होता. त्यानंतर काही महिन्यांतच, १४ सप्टेंबर २०२० रोजी निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. आधी झालेल्या करारांना संरक्षण देणारी परकीय व्यापार धोरणातील संक्रमणकालीन तरतूद या अधिसूचनेस लागू होणार नाही, असे तीत स्पष्ट म्हटले होते. न्हावा शेवा येथे कंटेनर आणि बांगलादेशच्या सीमेवर ट्रक अडकून पडले. पारदर्शकतेचे १०० टक्के गुण मिळाले ते याच्या पुढच्याच वर्षी, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

ती बंदी १ जानेवारी २०२१ रोजी उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आले, ऑक्टोबरमध्ये टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले, डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली. पण शुल्क लागू होते आणि किमान मूल्य ५५० डॉलर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य रद्द होऊन शुल्क निम्मे झाले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्णपणे मागे घेण्यात आले. ऑगस्टमधील निर्णय चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याला नडला. डिसेंबरमधील निर्णय आला तेव्हा लाल कांद्याची आवक सुरू होती आणि लाल कांदा साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे घसरलेल्या भावात विकण्याखेरीज शेतकऱ्यापुढे पर्याय उरला नाही.

शहरी ग्राहकाला परवडणाऱ्या दरात कांदा मिळावा, ही शासनाची चिंता रास्त आहे. आक्षेप उद्दिष्टावर नाही, रीतीवर आहे. नवे नियम लागू होण्यापूर्वी ते प्रसिद्ध करावेत व संबंधितांना मत मांडण्याची संधी द्यावी, असे सुलभीकरण कराराचे दुसरे कलम सांगते. परंतु शुल्कदरातील बदल आणि तातडीच्या परिस्थितीतील उपाय त्याच कलमाने वगळले आहेत. म्हणजे कराराचे अक्षरशः पालन करूनही निर्यातदाराला एका रात्रीत अडचणीत आणता येते. करारातील ही पळवाट अनवधानाने राहिलेली नाही. सर्वच देशांना ती हवी होती.

कराराने मोकळीक दिली असली तरी ती वापरलीच पाहिजे असे बंधन नाही. संक्रमणकालीन तरतूद देशाच्या स्वतःच्या धोरणातच आहे. बंदी घालतानाही सीमाशुल्काकडे दाखल झालेल्या आणि पतपत्र उघडलेल्या मालाला ती लागू ठेवणे, तसेच भावाची विशिष्ट पातळी ओलांडल्यास शुल्क किती लागेल हे हंगामापूर्वीच जाहीर करणे, या दोन गोष्टींसाठी नवी संगणकप्रणाली लागत नाही. लासलगावच्या बाजार समितीत बोली लावणारा व्यापारी त्या दिवशीचा भाव ठरवताना बंदरात लागणारे तास मोजत नाही. दिल्लीहून कोणती अधिसूचना निघू शकेल, याचा धोका तो मोजतो आणि तेवढी रक्कम शेतकऱ्याच्या भावातून वजा करतो.