कृतज्ञतेची वही आणि उपकारस्तुती

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स यांचा ‘थँक्स!’ हा ग्रंथ २००७ साली प्रसिद्ध झाला. दिवसभरात लाभलेल्या चांगल्या गोष्टी रोज वहीत टिपाव्यात, म्हणजे मनाला स्वास्थ्य लाभते, हा विचार आज सर्वत्र पसरला आहे. त्याच्या प्रसारात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. ती वही आता मंडळीच्या दारातही आली आहे. दुःखी मनुष्य सल्ला विचारावयास आला असता ‘रोज तीन आशीर्वाद लिहून काढा’ असे सांगणे सोपे असते, आणि सोपे असल्यामुळेच ते तपासून घेणे अगत्याचे आहे. पाळक व धर्मशिक्षक यांनी या ग्रंथातून काय घ्यावे आणि कोठे थांबावे, एवढ्याच दृष्टीने आम्ही त्याचे परीक्षण करीत आहोत.

ग्रंथाचा पाया एमन्स व मायकेल मॅकलॉ यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवर उभा आहे. पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले. दहा आठवडे, दर आठवड्यास एकदा, पहिल्या गटाने कृतज्ञता वाटावी अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी लिहिल्या आणि तिसऱ्याने केवळ घडलेल्या घटना. पहिल्या गटातील विद्यार्थी आपल्या एकंदर जीवनाविषयी अधिक समाधानी आणि येत्या आठवड्याविषयी अधिक आशावादी आढळले. दुसऱ्या प्रयोगात रोज कृतज्ञता लिहिणाऱ्यांनी इतरांना अडचणीत साहाय्य किंवा धीर दिल्याची नोंद अधिक प्रमाणात केली. तिसरा प्रयोग मज्जातंतू व स्नायूंच्या विकाराने पीडित प्रौढांबरोबर २१ दिवस चालला. त्यांच्याही मनःस्थितीत सुधारणा दिसली. हे निष्कर्ष हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. मनुष्य उपकार विसरतो, म्हणून त्याला आठवण करून द्यावी लागते, हे स्तोत्रकर्त्यांनाही ठाऊक होते.

ग्रंथकाराची आणखी एक गोष्ट वाखाणण्याजोगी आहे. आपल्या जीवनात काही चांगले आहे हे मान्य करणे, आणि त्या चांगल्याचा उगम निदान अंशतः आपल्याबाहेर आहे हे ओळखणे, अशी दोन अंगे ते कृतज्ञतेला मानतात. धर्मपरंपरांतील उपकारस्तुतीलाही त्यांनी ग्रंथात स्थान दिले आहे. म्हणजे देणाऱ्याचा विचार त्यांनी टाळलेला नाही. परंतु ग्रंथाचा सारा भर कृतज्ञतेने घेणाऱ्याचे काय भले होते हे दाखविण्यावर असल्याने, ग्रंथ मिटल्यावर वाचकाच्या हाती पहिले अंग राहते व दुसरे निसटते. बाजारात मिळणाऱ्या छापील वह्यांत तर ते बहुधा उरतच नाही. चहा, पाऊस, मुलाचे हास्य अशी यादी होते. ती कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न रिकामा राहतो.

लूकच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांकडे या दृष्टीने पाहावे. बरे दहाही झाले. आनंद दहांनाही झाला असणार. त्या रात्री वही लिहावयास बसते, तर नवांनीही ‘आज कुष्ठ गेले’ अशी नोंद मनापासून केली असती, आणि तीत खोटे काहीच नसते. तथापि प्रभूने विचारपूस केली ती या नोंदीची नव्हे. मागे कोण वळले, हे त्याने विचारले. वळला तो एक शोमरोनी. उपकारस्तुती म्हणजे नुसती प्रसन्न मनःस्थिती नसून कोणाकडे तरी वळणे आहे, हा भेद येथे स्पष्ट होतो. पुढच्याच अध्यायात मंदिरात उभा असलेला परुशीही देवाचे आभारच मानतो. पण त्याची यादी स्वतःभोवती फिरते आणि शेजारचा जकातदार तिच्यात तुलनेपुरता येतो. आपल्याला जे आहे ते दुसऱ्याला नाही, या समाधानावर पोसलेली कृतज्ञता प्रयोगाच्या मापात कदाचित उतरेलही. सुवार्तेच्या मापात ती उतरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाईट दिवस आठवा, असा सल्ला ग्रंथकार देतात. पण तो अशासाठी, की मागील अंधाराशी तुलना केल्याने आजचा प्रकाश अधिक जाणवावा. ज्याचा अंधार अद्याप सरलेला नाही, त्याने काय करावे? स्तोत्रसंहितेत उपकारस्तुतीच्या गीतांइतकाच विलापगीतांचाही अधिकार आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरीही ते आरंभापासून देवाशी बोलत असते. ज्या विधवेच्या घरातून कालच प्रेत निघाले, तिच्या हातात कृतज्ञतेची वही देणे म्हणजे तिच्याकडून हे स्तोत्र हिरावून घेणे होय. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला आशीर्वाद मोजावयास सांगताना सावकाराचा हिशेब मात्र कोणी तपासू नये, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. प्रेषित पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करावयास सांगतो. प्रत्येक स्थितीबद्दल आभार मानावेत असे सांगत नाही. अन्याय हा आशीर्वाद आहे असे मानावयास लावणारी कृतज्ञता ख्रिस्ती नव्हे.

येथे आपल्या भाषेचाही विचार करावा लागतो. मराठीत उपकार मानतात तसे ते फेडतात. उपकाराचे ओझे होते, उपकाराखाली मनुष्य दबतो आणि शेवटी मिंधा होतो. ज्यांच्या पूर्वजांना पाटलाच्या वाड्यापुढे हात पसरूनच भाकरी मिळत असे, त्यांना कृतज्ञता हा शब्द निर्मळ वाटेलच असे नाही. मिशनच्या काळातही शाळा, दवाखाना किंवा नोकरी यांच्या बदल्यात आजन्म नम्रतेची अपेक्षा काही ठिकाणी बाळगली गेली. म्हणून मंडळीत कृतज्ञता शिकविताना मिंधेपणा शिकविला जात नाही ना, हे जपले पाहिजे. कृपा आणि उपकार यांतील अंतर हेच, की कृपेची परतफेड मागितली जात नाही. ती घेणाऱ्याला उभे करते, वाकवीत नाही.

मग वही टाकून द्यावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळांची टोपली आणणाऱ्या इस्राएली शेतकऱ्याला जे बोलावयास सांगितले आहे, ते आदर्श मानावे. तो टोपली देवापुढे ठेवतो. त्याच्या बोलण्यात मिसरातील छळ व आक्रोश गाळलेला नाही. शेवटी आनंद करावयाचा तो एकट्याने नव्हे, तर लेवी आणि परदेशी यांच्यासह. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यातील नित्याच्या आत्मपरीक्षणाचा आरंभही उपकारस्मरणानेच होतो, परंतु ते तेथे थांबत नाही. पापांची जाणीव व्हावी म्हणून याचना, दिवसाचा शोध, क्षमायाचना आणि सुधारणेचा निश्चय हे त्यामागून येतात. आनंदाची यादी आणि पश्चात्ताप यांची तेथे फारकत झालेली नाही.

वहीच्या शक्तीविषयीही मर्यादा राखणे बरे. कृतज्ञतेच्या अशा उपक्रमांविषयीच्या २७ अभ्यासांचा एकत्र विचार करून ओहायो येथील दोन संशोधकांनी २०२१ साली असा निष्कर्ष मांडला, की नैराश्य व चिंता यांच्या लक्षणांवर त्यांचा परिणाम अल्प असतो आणि त्या विकारांवरील उपचार म्हणून त्यांवर विसंबू नये. ज्याला वैद्याची गरज आहे त्याला वैद्याकडेच पाठविले पाहिजे. तसेच सोन्या ल्युबोमिर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली नमूद केलेल्या प्रयोगात आठवड्यातून एकदा आशीर्वाद मोजणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा मोजणाऱ्यांचे वाढले नाही. रोजच्या नोंदीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा धर्मशिक्षकांनी ही वही सुचवावी, पण ‘प्रभो, तू’ अशी संबोधून लिहावयास सांगावी. ज्या दिवशी आभार सुचत नाहीत त्या दिवशी तक्रार लिहिण्याची मोकळीक द्यावी. आठवड्याअखेर त्यातील एखादी नोंद कोणा शेजाऱ्यापर्यंत पोहोचेल, मग ती आभाराच्या शब्दाने असो वा वाटून घेतलेल्या भाकरीने, असे पाहावे. नवविधवेला मात्र वही देऊ नये. तिच्याजवळ जाऊन बसावे. रविवारी प्रभुभोजनाच्या मेजापाशी तिच्या वतीनेही मंडळी उपकारस्तुती करीतच असते. तिला स्वतःला ती करता येईल तो दिवस येईपर्यंत मंडळीने तिच्यासाठी ती चालू ठेवावी.