शिफारशीची कसोटी : मराठी कुमारकथेतील निवेदक आणि वाचक

प्रस्तावना

मराठीत बालसाहित्याची चर्चा पुष्कळ होते. कुमारवयीन वाचकाचा विचार मात्र तिच्या ओघातच उरकला जातो. दहा ते पंधरा या वयातील मूल चित्रमय गोष्टींतून बाहेर पडलेले असते आणि प्रौढांच्या कादंबरीपर्यंत पोहोचलेले नसते. पाठ्यपुस्तकाबाहेरचे एकही पुस्तक सलग न वाचता पदवीच्या वर्गात आलेला विद्यार्थी प्राध्यापकवर्गाला अपरिचित नाही. त्याच्या वाचनाचा धागा पुष्कळदा याच वर्षांत तुटलेला असतो. म्हणून या वयासाठी पुस्तक सुचविणे हे समीक्षेइतकेच जबाबदारीचे काम ठरते. ही शिफारस सामान्यतः दोन निकषांवर केली जाते : पुस्तकातून होणारा संस्कार आणि वाचकाचे वय. हे दोन्ही निकष उपयुक्त असले तरी अपुरे आहेत. कथेचा अर्थ लावण्याचे किती काम निवेदक वाचकाकडे सोपवितो, हा तिसरा निकष त्यांच्या जोडीला घेणे आवश्यक आहे. चार परिचित कलाकृतींच्या आधारे त्याचा येथे विचार केला आहे.

सांगणारा आणि ऐकणारा

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले व १९३५ साली प्रसिद्ध झाले. यातील श्याम प्रौढ आहे. आश्रमातील मित्रांना तो रात्रीमागून रात्र आपल्या बालपणीच्या आठवणी सांगतो. ‘मुकी फुले’ या प्रकरणात इतर मुलांच्या आधी फुले मिळावीत म्हणून श्याम कळ्याच तोडतो. मुलांतील चढाओढीचे हे चित्रण अत्यंत खरे आहे. तथापि प्रसंगाचा अर्थ आईच्या बोलण्यातून आणि श्यामच्या कथनातून पूर्ण सांगितला जातो. श्रोत्याने तो स्वीकारावा, अशी ही रचना आहे. पुस्तकाचे सामर्थ्य आईविषयीच्या उत्कटतेत आहे, आणि ते आजही ओसरलेले नाही. परंतु सुचविणारा जेव्हा याच रचनेला कुमारसाहित्याचा एकमेव आदर्श मानतो, तेव्हा प्रत्येक पुस्तकातून तात्पर्य मिळालेच पाहिजे अशी अपेक्षा रूढ होते.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने ही अपेक्षा दूर सारली. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि संकटात मोठ्यांची वाट न पाहता स्वतः निर्णय घेतो. येथे उपदेशाची जागा कृतीने घेतली आहे. साहसकथेच्या मर्यादेत नायकाचे अंतर्मन फारसे उलगडत नाही, हे खरे. तरीही पुढे काय होणार या उत्सुकतेने पान उलटण्याची सवय लावण्याचे जे काम या मालिकेने केले, ते वाङ्मयीन मूल्यमापनात गौण लेखणे योग्य नव्हे.

प्रौढांच्या कपाटातील कुमार

प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ (१९९४) आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही पुस्तके प्रौढ वाचकांच्या साहित्यात गणली गेली. पण मराठीतील कुमारवयाचे सर्वांत सूक्ष्म चित्रण याच पुस्तकांत आढळते. ‘वनवास’मधील लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. त्याच्या कन्नडमिश्रित सीमाभागी बोलीत विनोद सतत खेळत असतो. त्याखालचे एकटेपण तो स्वतः नाव देऊन सांगत नाही. ते ओळखण्याचे काम वाचकाचे आहे. ‘शाळा’मधील नववीतल्या मुकुंद जोशीभोवती आणीबाणीचा काळ आहे. मोठ्यांची बोलणी त्याच्या कानांवर पडतात व अर्धवट कळतात. त्याला न कळलेले वाचकाला जुळवून घ्यावे लागते. अशा वाचनातच कुमार वाचक प्रौढ होऊ लागतो.

‘शाळा’ सुचविताना शिक्षक कचरतात, याचे कारण मुलांच्या तोंडची शिवराळ भाषा आणि कोवळे आकर्षण. हा संकोच अगदीच निराधार नाही; पालकांना उत्तर शिक्षकांनाच द्यावे लागते. मात्र ज्या भाषेत व ज्या भावनेत विद्यार्थी प्रत्यक्ष वावरत असतो, तिचा पुस्तकात उल्लेखही नको असे म्हटल्याने पुस्तक तेवढे दूर होते, भावना दूर होत नाही. या कादंबरीविषयी घेण्याजोगा अधिक गंभीर आक्षेप निराळाच आहे. शिरोडकर ही मुलगी वाचकाला मुकुंदच्या नजरेतूनच दिसते. तिचे स्वतःचे मन तिच्या शब्दांत कोठेही येत नाही. हा दोष तंत्राचा नसून निवेदनपद्धतीची ती अपरिहार्य मर्यादा आहे. परंतु श्याम, फेणे, लंपन आणि मुकुंद हे चौघेही मुलगे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाची व्याप्ती कळते. अशा यादीतून वाचणाऱ्या मुलीला नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहावे लागते. आणि मुलग्याला मुलीच्या मनात डोकावण्याची संधीच मिळत नाही.

समारोप

यावरून असे दिसते की, चांगली शिफारस एका पुस्तकाची नसते, ती पुस्तकांच्या क्रमाची असते. फेणेच्या वेगातून वाचनाची गोडी, श्यामच्या कथनातून भावनेची ओळख, लंपनच्या मौनातून अर्थ शोधण्याची सवय आणि मुकुंदच्या अर्धवट समजुतीतून काळाचे भान, असा एक क्रम संभवतो. मुलीच्या नजरेतून लिहिलेले पुस्तक त्यात जाणीवपूर्वक घालावे लागेल. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून याच वयाच्या वाचकासाठी निघत आहे. अध्यापक महाविद्यालयांनी त्याचे अंकही समीक्षेच्या दृष्टीने वाचावयास हवेत. यासाठी पहिली अट एकच : सुचविणाऱ्याने पुस्तक स्वतः, अलीकडे आणि अखेरपर्यंत वाचलेले असावे. बालपणीच्या आठवणीवर विसंबून केलेली शिफारस सुचविणाऱ्याचे बालपण सांगते. समोरच्या वाचकाची गरज तिला दिसत नाही.