पाटीवरचं एकच नाव

मंडळी, चंद्रपूर-गडचिरोलीत सिनेमावर बोलायचं तर समृद्धी पोरे यांना टाळून चालत नाही. बाई पेशाने वकील. पहिलाच चित्रपट 'मला आई व्हायचंय!', आणि त्याला 2010 सालासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. परदेशी बाईसाठी गर्भ वाढवणारी आपली यशोदा, मधे एक करार, आणि मग प्रश्न असा की पोर कुणाचं? वकिलालाच सुचावी अशी गोष्ट. त्यावरूनच 2021 मध्ये हिंदीत 'मिमी' आला. (व्यावसायिक सरोगसीवर बंदी आणणारा कायदाही त्याच वर्षीचा.)

दुसरा चित्रपट 2014 चा, 'डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हीरो'. आमची तक्रार नावापासूनच सुरू होते. पहिल्या चित्रपटात एका पोरावर दोन बायांचा हक्क मांडणाऱ्या दिग्दर्शिकेने इथे दोघांच्या कामाच्या पाटीवर एकच नाव का लिहावं? लोकबिरादरी प्रकल्प 1973 चा. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हताच, तो झाला 1982 ला. हेमलकसा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. तिथे संसार मांडला तो दोघांनी. मंदाताई भूलतज्ज्ञ. आता सांगा, रोग्याला भूल दिल्याशिवाय सर्जनने करायचं काय? 2008 चा मॅगसेसेही दोघांना मिळून मिळाला. मनिलाच्या लोकांना जे दिसलं ते आपल्या पोस्टरला दिसू नये!

नानांनी मात्र आवाज खाली ठेवला, हे मान्य केलं पाहिजे. 'क्रांतिवीर'मधला नाना आठवा, म्हणजे या भूमिकेत त्यांनी किती गिळलंय ते कळेल. सोनाली कुलकर्णीही तोलामोलाच्या आहेत, पण कथेचं वजन त्यांच्याकडे झुकत नाही.

आणि माडिया माणसं? आजाऱ्याला खाटेवर घालून जंगल तुडवत आणणारी, डॉक्टरांना आपली भाषा शिकवणारी? परक्या औषधावर विश्वास टाकायला धाडस लागतं हो. ते धाडस 'हीरो' या एकवचनात मावत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला भामरागड नकाशावर शोधायला लावलं, हे चित्रपटाचं श्रेय आम्ही नाकारत नाही. पण आपण तर इथलेच. आपल्याला नकाशा नको होता, आपली माणसं हवी होती.

पुन्हा बघाल तेव्हा दवाखान्याच्या प्रसंगांत नानांवरची नजर जरा काढा, आणि मंदाताई कुठे उभ्या आहेत ते बघा.