हे पुस्तक कोणासाठी नेताय?

तीनेक वर्षांपूर्वी गावातल्या वाचनालयातून भा. रा. भागवतांची ‘फास्टर फेणे’ची दोन पुस्तकं नेत होतो. नोंदवहीत क्रमांक लिहिताना ग्रंथपालांनी सहज विचारलं, “नातवासाठी का?” मी “हो” म्हणालो. मला नातू नाही. पन्नाशी ओलांडलेला, चारचौघांत अभ्यासक म्हणवून घेणारा माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं का बोलला, या प्रश्नाने तेव्हापासून माझी पाठ सोडलेली नाही.

त्याच वाचनालयात मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आणि प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ मोठ्यांच्या कपाटात आहेत. ‘शाळा’चा निवेदक नववीतला मुकुंद जोशी, ‘वनवास’चा शाळकरी लंपन. ती पुस्तकं नेताना कोणी नातवाची चौकशी करत नाही. म्हणजे मुलाच्या तोंडची गोष्ट वाचायला आपली हरकत नसते; मुलांसाठी सांगितलेली गोष्ट वाचायला मात्र संकोच वाटतो.

यावर आक्षेप येईल, की लंपनला जे उमगत नाही ते वाचकाला उमगतं आणि त्या फटीतच प्रौढ वाचकाची जागा असते. भागवतांकडे अशी फट कुठे आहे? तिथे बन्या धावतो आणि त्याच्यामागे वाचक धावतो. हा फरक खरा आहे. पण तो सांगण्याच्या दोन रीतींमधला आहे, वाचकांच्या दोन वयांमधला नव्हे. लंपन वाचताना आपण आपलं बालपण आठवतो आणि आठवणींना आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. फुरसुंगीचा हडकुळा बनेश फेणे आठवणींत रमू देत नाही. संकट समोर असतं, हाताशी सायकल आणि डोकं एवढंच असतं. अधिकार नसताना जबाबदारी कशी अंगावर घ्यायची, हा त्याच्यापुढचा प्रश्न. शाळेत असताना मी तो नुसता वाचला होता. नोकरीत बरीच वर्षं काढल्यावर तो मला कळला.

मुळात ही विभागणी आपल्या परंपरेलाही फारशी मानवणारी नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आपण मुलांच्या हाती देतो. पण पुस्तकातला श्याम रात्रीमागून रात्री या आठवणी सांगतो त्या आश्रमातल्या आपल्या मित्रांना, म्हणजे मोठ्या माणसांना. ती माणसं ऐकतात, गहिवरतात आणि त्यांपैकी कोणालाही त्याची लाज वाटत नाही.

आपली लाज कुठवर पोहोचली आहे हे पाहायचं, तर २०१७ सालचा ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट आठवावा. त्यात पुण्याला येतो तो शाळकरी बन्या नाही, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसायला आलेला तरुण आहे. चित्रपट म्हणून तो रंगतो. पण मोठ्यांना बन्या भेटवायचा तर आधी त्याचं वय वाढवावं लागलं, हे नोंदवण्यासारखं आहे.

एक खासगी संकोच म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण त्याची किंमत साहित्याला मोजावी लागते. ‘कुमार’ हा शब्द बहुतेकांना नववी-दहावीच्या ‘कुमारभारती’पुरता माहीत असतो; पाठ्यपुस्तक सुटलं, की तो शब्दही सुटतो. मोठी माणसं कुमारांची पुस्तकं वाचत नाहीत, म्हणून त्यांवर समीक्षा होत नाही. झालीच तर ‘मुलांना नक्की आवडेल’ या वाक्यापाशी थांबते. हे वाक्य लिहिणाऱ्याला ते पुस्तक स्वतःला आवडलं की नाही, ते आपल्याला कधीच कळत नाही. जे कोणी मोठेपणी मन लावून वाचत नाही, त्याच्या भाषेचे आणि रचनेचे दोष दाखवणार कोण, आणि त्यात थोर काय आहे ते तरी सांगणार कोण?

गेल्या महिन्यात पुन्हा दोन पुस्तकं काढली. ग्रंथपालांनी विचारलं, “नातू बराच वाचतो की!” या वेळी म्हणालो, “मीच वाचतो.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, नोंद केली आणि हळूच म्हणाले, “पुढचा भाग माझ्याकडे घरी आहे. वाचून झाला, की आणतो.”